आमची मुलं मोजणाऱ्यांना एक प्रश्न



२०२१ सालचा ऑक्टोबर महिना. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. कुठल्याशा सभेतलं भाषण होतं. वक्ता आमची, म्हणजे मुसलमानांची, मुलं मोजत होता. भाषण संपलं तसा सहकारी हसत म्हणाला, "काय सर, तुमच्यात काही काळजी नाही. डझनाने असतात." माणूस वाईट नाही. माझ्या डब्यातला खिमा हक्काने खातो. त्याला ठाऊक नव्हतं, की त्याच सकाळी मी पतसंस्थेतून दीड लाखाचं कर्ज उचललं होतं आणि ते पैसे एका आयव्हीएफ सेंटरमध्ये भरायचे होते.

लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आजही आम्हाला मूल नाही.

हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. सहानुभूती आमच्या मोहल्ल्यात फुकट मिळते आणि तिच्यासोबत सल्लाही मिळतो. मी लिहितो आहे ते रागाने, आणि हा राग नशिबावरचा नाही. वंध्यत्वाबद्दल विज्ञानाला जे ठाऊक आहे, ते सरकारी दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही. त्या दोहोंमधलं अंतर नवरा कर्ज काढून भरतो आणि बायको अंगावर काढून भरते. हे अंतर कुणी आणि कसं ठेवलं, हे आपल्याला समजलं पाहिजे.

तपासणी कुणाची?

माझं गाव इचलकरंजी. अब्बांचं आयुष्य लूमवर गेलं. मी शिकलो, मास्तर झालो. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर अम्मीने बायकोला डॉक्टरकडे न्यायला सुरुवात केली. सोनोग्राफी झाली. बीजांड वाढावं म्हणून गोळ्या झाल्या. नळ्या उघड्या आहेत का पाहायची तपासणी झाली. त्या दिवशी ती रिक्षात पोट धरून बसली होती आणि मी तिला "सहन कर, सगळ्याच बायका करतात" असं सांगत होतो. पुढे ती नळ्यांची तपासणी दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा करायला लावली.

दोन वर्षं हे चाललं. या दोन वर्षांत एकाही डॉक्टरने मला आत बोलावलं नाही. मीही कधी विचारलं नाही, की माझं काय?

शेवटी एका तरुण डॉक्टर मॅडमनी फाइल चाळली आणि विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठंय?" काही शे रुपयांची वीर्यतपासणी. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. शुक्राणू फारच कमी. उणीव माझ्यात होती.

आता विज्ञान काय म्हणतं पाहा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. कधी ते एकटं असतं, कधी स्त्रीकडच्या कारणासोबत. हे काही काल-परवा लागलेले शोध नाहीत, वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आहेत. तपासणी दोघांची एकाच वेळी सुरू करावी आणि पुरुषाची सर्वांत सोपी, स्वस्त, न दुखणारी तपासणी आधी करावी, हा साधा नियम आहे. तरी आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? बाई टेबलावर, बाप्या पार्किंगमध्ये. माझ्या बायकोने सोसलेल्या त्या दोन वर्षांत कुठल्या संशोधनाची कमतरता नव्हती. कमी होता तो एक लेखी नियम आणि तो पाळायला लावणारी व्यवस्था.

परळची गोष्ट

काही लोकांना वाटतं, आयव्हीएफ हे श्रीमंतांचं, परदेशातून आलेलं फॅड आहे. त्यांनी इतिहास वाचावा.

जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलं. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात दुसरं बाळ जन्मलं. ते डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं काम होतं. त्यांनी गर्भ गोठवून ठेवला आणि नंतर गर्भाशयात सोडला. त्या काळात जगात कुणी हे यशस्वी केलं नव्हतं. आपण काय केलं? पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली, समितीने दावा खोटा ठरवला. परदेशात जाऊन काम मांडण्याची परवानगी मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. त्याच वर्षी १९ जूनला त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' हा तपन सिन्हांचा सिनेमा याच आयुष्यावरून सुचला.

आता मुंबईत या. ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा नावाची मुलगी जन्मली. शास्त्रीय नोंदी असलेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ते हेच. कुठं? कुठल्या पंचतारांकित रुग्णालयात नाही, परळच्या केईएममध्ये, म्हणजे मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं हे काम. आनंदकुमार परळमध्येच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते. पुढे याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांच्या वह्या वाचल्या आणि १९९७ साली जाहीरपणे मांडलं, की पहिलेपणाचा मान माझा नाही, त्यांचा आहे. विज्ञानातला प्रामाणिकपणा असा असतो.

मला इथं सांगायचं आहे ते वेगळंच. भारतातलं हे तंत्र सरकारी पैशाने, सरकारी संस्थेत, पालिकेच्या रुग्णालयात उभं राहिलं. गिरणगावातल्या बाईला जिथं खाट मिळायची, त्या इमारतीत. आणि आज तेच तंत्र जवळजवळ पूर्णपणे खासगी सेंटरांच्या हातात आहे. एका आवर्तनाला दीड-दोन लाख सहज लागतात, औषधं धरली तर त्याहून जास्त. जनतेच्या पैशातून विहीर खणली आणि पाणी बाटलीत भरून जनतेलाच विकलं. आणि विम्याचं म्हणाल तर प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या न मिळणाऱ्या उपचारांच्या यादीत वंध्यत्वाचे उपचार आहेत.

ओरखड्याचे पैसे

आता माझ्या कर्जाकडे येतो. आयव्हीएफ सेंटरमध्ये मूळ पॅकेजशिवाय एक वेगळा कागद पुढे आला. त्यावर 'यश वाढवणाऱ्या' गोष्टींची यादी होती. त्यातली एक म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराला आधीच्या महिन्यात बारीक ओरखडा काढणं. त्यामुळे गर्भ चांगला रुजतो, असं सांगण्यात आलं. काही हजार रुपये जास्तीचे. बायकोला दुखणार होतं. आम्ही हो म्हटलं. अशा वेळी नाही कोण म्हणतं? आपण पैसे वाचवले म्हणून मूल गेलं, असं आयुष्यभर वाटत राहिलं तर?

आवर्तन फसलं. पुढे कित्येक महिन्यांनी, रात्री झोप न आल्याने मी वाचत बसलो होतो, तेव्हा मला कळलं, की २०१९ सालीच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या ओरखड्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. १,३६४ स्त्रिया. निम्म्यांना ओरखडा, निम्म्यांना नाही. जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण दोन्ही गटांत २६.१ टक्के. काडीचाही फरक नाही. आणि मी पैसे भरले ते त्यानंतर दोन वर्षांनी.

मी डॉक्टरांच्या विरोधात नाही. त्या सेंटरचं नाव इथं लिहिण्यात मला रस नाही, कारण प्रश्न एका सेंटरचा नाही. प्रश्न असा आहे, की हे मला सांगायचं काम कुणाचं होतं? इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्याने एक स्वतंत्र नियामक प्राधिकरण उभं राहिलं. ते अशा जास्तीच्या उपचारांना रंग देतं: याला पुरावा आहे, याला नाही, याने नुकसान होऊ शकतं. इंग्रजी वाचता येणाऱ्या कुणालाही ते घरबसल्या पाहता येतं. कुठल्या क्लिनिकमध्ये किती यश, तेही पाहता येतं. तिथंही सगळं आलबेल नाही. चाळिशीच्या आतल्या स्त्रीला तीन पूर्ण आवर्तनं द्यावीत अशी तिथल्या राष्ट्रीय संस्थेची शिफारस आहे, पण अनेक भागांतली स्थानिक आरोग्य मंडळं तिजोरीकडे बघून एकावरच भागवतात. तरीही तिथल्या जोडप्याच्या हातात भांडायला एक लेखी कागद आहे.

आपल्याकडे हर्षाच्या जन्मानंतर मार्गदर्शक तत्त्वं आली २००५ साली, आणि कायदा झाला डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे ३५ वर्षांनी. जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. क्लिनिकची नोंदणी झाली, वयाच्या मर्यादा आल्या, बीजांड देणाऱ्या स्त्रीसाठी विमा आला, राष्ट्रीय नोंदवही आली. हे चांगलं झालं. पण या कायद्याने खासगी दुकानाला परवाना दिला, गरिबाला उपचार दिला नाही. आणि नोंदवहीत जी माहिती जमा होते, तिच्यातून इचलकरंजीच्या, बीडच्या, भिवंडीच्या जोडप्याला कुठल्या सेंटरमध्ये शंभरातल्या किती जणींच्या मांडीवर बाळ आलं, हे कळायची सोय नाही. ते कळतं फक्त होर्डिंगवरून, आणि होर्डिंगवरचं बाळ नेहमीच गोरं, गुटगुटीत आणि हसरं असतं.

टीबी आणि नळ्या

आयव्हीएफचं ऐकून कुणाला वाटेल, हा सगळा लाखांचाच मामला आहे. तसं नाही. खरं काम त्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी कमी पैशांत होऊ शकतं.

भारतात स्त्रियांच्या गर्भनलिका बंद होण्यामागचं एक महत्त्वाचं कारण टीबी आहे. जंतू फुप्फुसातून रक्तावाटे नळ्यांपर्यंत जातो आणि तिथं गुपचूप बसतो. खोकला नाही, ताप नाही. मुलगी लग्न होऊन येते, मूल होत नाही, तेव्हा कुठं तपासणी होते, आणि तोवर नळ्यांचं नुकसान झालेलं असतं. औषधाने जंतू मरतो, पण चिकटलेली नळी बहुतेक वेळा उघडत नाही. मग आयव्हीएफशिवाय मार्ग उरत नाही.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. टीबी कुठं पसरतो? एका खोलीत आठ माणसं झोपतात तिथं, हवा खेळत नाही तिथं, पोटभर खायला नाही तिथं. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमाग वस्त्या तुम्ही पाहिल्या असतील. तुमच्यातले बरेच जण तिथंच वाढलेत. टीबीचं निदान आणि औषध सरकार मोफत देतं. म्हणजे यंत्रणा आहे, गोळ्या आहेत, आशाताई आहेत. पण टीबीची फाइल एका खोलीत आणि कुटुंब कल्याणाची दुसऱ्या खोलीत. घरात कुणाला टीबी होऊन गेला का, हा प्रश्न मूल न होणाऱ्या बाईला पहिल्याच भेटीत विचारला, तर काहींच्या नळ्या वेळेत वाचतील. त्याला नवी इमारत लागत नाही, केसपेपरवर एक ओळ लागते.

पुरुषांचंही तसंच. अंडकोशाला शरीरापेक्षा थंड तापमान लागतं, सतत उष्णतेत काम केल्याने शुक्राणूंवर परिणाम होतो, हे वैद्यकाला जुनं ठाऊक आहे. भट्टीपुढे उभा राहणारा बेकरीतला कामगार, सायझिंगमधला कामगार, वेल्डर, हे कोण लोक आहेत? त्यांना कधी कुणी सांगितलं?

"एवढी लोकसंख्या असताना..."

मी हे बोलतो तेव्हा शिकलेले लोकही म्हणतात, "एकशेचाळीस कोटींच्या देशात मूल होण्यासाठी सरकारने पैसे खर्च करायचे?"

या प्रश्नामागे एक जुनी सवय आहे. १९५२ पासून आपल्या देशात कुटुंब नियोजनाचा अर्थ एकच राहिला: जन्म थांबवा. आणीबाणीत तर याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९९४ साली कैरोच्या जागतिक परिषदेत भारतासह जगाने मान्य केलं, की प्रजनन आरोग्यात वंध्यत्व टाळणं आणि त्यावर उपचार करणंही येतं. नियोजन म्हणजे हवं तेव्हा मूल, नको तेव्हा नाही. आपण त्यातला अर्धाच भाग उचलला.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती २.३६ वर आली. देशाची सरासरी २.०, महाराष्ट्राची १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. म्हणजे महाराष्ट्र केव्हाच त्याच्या खाली गेला. स्टेजवरून आमची मुलं मोजणारे ही उतरण सांगत नाहीत, आणि ज्यांच्या घरात एकही मूल नाही त्यांना तर ते मोजतच नाहीत. माझा त्यांना एकच प्रश्न आहे: आमचं पाचवं मूल तुम्हाला दिसतं, मग आमचा रिकामा पाळणा का दिसत नाही?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं, की जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. श्रीमंत देश असो की गरीब, प्रमाण जवळपास सारखं. २०२५ च्या नोव्हेंबरात याच संघटनेने या विषयावरची पहिली जागतिक मार्गदर्शिका काढली, ४० शिफारशींची. आता पुरावा अपुरा आहे असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि हे जमत नाही असंही नाही. शेजारच्या गोव्याने २०२३ साली बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. आपल्याकडेही मुंबईच्या कामा रुग्णालयात सरकारी केंद्र उभं राहिलं. पण कामा मुंबईत आहे. इचलकरंजीचा लूम कामगार महिन्यात सहा वेळा मुंबईला कसा जाणार? त्याचा रोज कोण देणार?

आपल्या घरातलं

सरकारला जाब विचारणारा माणूस स्वतःच्या घराकडे पाठ फिरवून उभा असेल, तर त्याच्या बोलण्याला वजन राहत नाही. म्हणून हेही लिहितो.

माझा रिपोर्ट आल्यावर मी तो चार महिने अम्मीला दाखवला नाही. त्या चार महिन्यांत अम्मी बायकोला एका दर्ग्यावर घेऊन गेली, खालाने तावीज आणला, आणि एका लग्नात एका बुजुर्गांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बेटा, शरियतमध्ये गुंजाइश आहे, दुसरं लग्न कर." बायको चार पावलांवर उभी होती. तिने ऐकलं. तिला खरं काय ते माहीत होतं आणि तरी ती गप्प राहिली, माझी इज्जत वाचवायला. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी कधी वाटली नव्हती. घरी येऊन मी रिपोर्ट अम्मीपुढे ठेवला.

अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग बायकोला म्हणाली, "मला माफ कर गं." 

मूल होत नाही म्हणून आपल्या समाजात किती मुलींना तलाक मिळाला असेल, किती जणींवर सवत आली असेल, आणि त्यातल्या किती जणींच्या नवऱ्यांची एकदाही तपासणी झाली नसेल? हजरत आयेशांना मूल नव्हतं. त्यांना कुणी अपूर्ण म्हणत नाही. मग आपल्या वहिनीला, बहिणीला आपण तसं का म्हणतो?

काही जण म्हणतात, आयव्हीएफ हरामच आहे. त्यांना सांगा, की १९८० सालीच इजिप्तच्या अल-अझहरच्या परंपरेतून फतवा आला होता: नवरा-बायकोचंच बीज असेल, तिसरं कुणी नसेल, तर हा उपचार जायज आहे. आणि ज्यांना उपचार नको, त्यांच्यासाठी दत्तकाचा रस्ताही खुला आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केलं, की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. निवड जोडप्याची. बुजुर्गांची नाही, सरकारची नाही, सेंटरच्या एजंटचीही नाही.

मागायचं काय?

एक, मूल होत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येक जोडप्यात पुरुषाची तपासणी आधी किंवा सोबत, आणि ती तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत. दोन, केसपेपरवर टीबीचा प्रश्न आणि टीबी विभागाशी जोड. तीन, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वंध्यत्वाची ओपीडी, आणि प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात आयव्हीएफ. चार, जन आरोग्य योजनेतून ही बंदी उठवावी, निदान साध्या उपचारांपासून सुरुवात करून. पाच, राष्ट्रीय नोंदवहीतली क्लिनिकनिहाय माहिती आणि जास्तीच्या उपचारांचा पुरावा लोकांना वाचता येईल अशा भाषेत, मराठीत आणि उर्दूतही, जाहीर करावा.

यात कुठलीच मागणी फक्त मुसलमानांची नाही. माझ्या त्या सहकाऱ्याच्या मेहुणीलाही मूल नाही, हे मला नंतर कळलं. तो स्वतःच आला होता, दबक्या आवाजात, डॉक्टरचा नंबर विचारायला. मी त्याला नंबरआधी एवढंच सांगितलं, "आधी तिच्या मिस्टरांची तपासणी करा."

तुम्ही काय करू शकता? माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. तुमच्या जिल्हा रुग्णालयाला विचारा: इथे वीर्यतपासणी होते का? गेल्या वर्षी किती झाल्या? वंध्यत्वाची ओपीडी कुठल्या वारी असते? उत्तर 'निरंक' आलं, तर तोच कागद घेऊन आमदाराकडे जा.

मी माझा अर्ज सोमवारी टाकला. त्यावर सही माझ्यासोबत माझ्या बायकोचीही आहे.